जाड गोलसर टंक आणि ‘धालो’चा फलक

जाड, गोल टोकांचा टंक (फॉन्ट) देवनागरीत केवळ बालवाङ्मयाला शोभतो, असे मत एका प्रतिसादात मांडले गेले आहे; ते मला पटत नाही. मात्र जाडी वाढली की अक्षरांतल्या पोकळ्या बुजतात, हा त्याच प्रतिसादातील आक्षेप रास्त आहे. गेल्या पौषात फोंड्याजवळच्या आमच्या गावी धालोच्या, म्हणजे गोव्यातील बायकांच्या नाचगाण्याच्या लोकोत्सवाच्या, मांडासाठी (तो जिथे रंगतो त्या अंगणासाठी) असाच एक टंक वापरून आम्ही १० फुटी फ्लेक्स छापून घेतला. ‘ध’ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते, ‘घ’वर ती सलग असते, त्या जाडीत ही फट जेमतेम दोरा ओवण्याइतकी उरल्यामुळे रस्त्यावरून येणाऱ्याला ‘घालो’ दिसू लागले आणि मांडावरच्या बायकांनी आमची यथेच्छ थट्टा केली.

ही फट टिकवण्यासाठी गोलसर वळण सोडण्याची गरज नव्हती, हे नंतर उमगले. ‘एक टाइप’ या टंक घडवणाऱ्या संस्थेचा ‘बलू’ हा गोलसर टंक सुरुवातीला एकाच जाडीत होता. ‘बलू २’मध्ये रेग्युलरपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत ५ जाड्या आहेत, शिवाय तो मुक्त परवान्याखाली (म्हणजे मंडळाच्या खिशाला परवडेल असा) मिळतो. त्यातील सेमीबोल्ड घेऊन, अक्षरांमधले अंतर किंचित वाढवून यंदाचा फलक केला. ‘ध’वरची फट आता रस्त्यापलीकडूनही दिसते.