गिरगावात बाबांना घेऊन गाण्याचा फेरफटका – मार्ग सुचवा (बजेट ६००)

स्नेहल_डोंबिवली
नमस्कार मंडळी. बाबा ७६ वर्षांचे. जन्म गिरगावातला, लग्नानंतरही काही वर्षं मुगभाटातच. वाडीच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता वीस-पंचवीस मिनिटं सलग चालतात, मग बसावं लागतं. एका रविवारी त्यांना जुन्या भागातून हिंडवून आणायचं आहे. कुठे कोण गायचं, कुठे शिकवण्या चालायच्या, असं बघत बघत. वेळ तीन तास. बजेट दोघांचं मिळून ६०० रुपये, खाणं धरून. चालताना ऐकवायला काही सुचवलंत तर तेही चालेल. कुठून सुरुवात करू?

नॉईज_कॅन्सल_नंद्या
ताई, आधी चांगले हेडफोन घ्या. मी मागच्या दिवाळीत १८ हजारांचे घेतले. बाहेरचा आवाज शून्य. भुलेश्वरात चालतोय आणि कानात फक्त मारवा राग. अनुभव वेगळाच.

हातगाडीचा_मार
नंद्या, तेच घालून भुलेश्वरात मागून हातगाडीचा दांडा पाठीत बसला होता तुझ्या, तेही सांग की. "बाजू… बाजू…" तो माणूस ओरडत होता, तुला सोडून सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

नॉईज_कॅन्सल_नंद्या
त्यात हेडफोनचा दोष नाही.

फणसवाडीवाला
मूळ प्रश्नाकडे येऊ. चर्नी रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरा. समोरच केळेवाडी, तिथे साहित्य संघ. बाबांनी तिथे संगीत नाटकं पाहिलेली असणारच. तिथून ऑपेरा हाउसला जा. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेलं थिएटर आहे. १९९३ पासून बंद होतं, २०१६ ला पुन्हा उघडलं. बाहेरूनच बघावं लागेल, कार्यक्रम असेल तरच आत सोडतात. जवळच फ्रेंच ब्रिज. त्या बाजूला बी. आर. देवधरांनी १९२५ मध्ये काढलेलं स्कूल ऑफ इंडियन म्युझिक. कुमार गंधर्व लहानपणी शिकायला आले ते इथेच. मग मागे फिरून जगन्नाथ शंकरशेट रस्त्याने सरळ धोबी तलावापर्यंत. दोनेक किलोमीटर पडेल.

पेठकर
पुण्यात या. इतकं चालावं लागत नाही.

फणसवाडीवाला
आलात का.

बिजनौरी_सूर
सगळे गिरगाव गिरगाव करताय, पण मुंबईच्या नावाने गायकीचं जे एकमेव घराणं आहे ते भेंडीबाजारात. छज्जू खाँ, नजीर खाँ, खादिम हुसेन हे तिघे भाऊ बिजनौरकडून आले आणि नळबाजार-भेंडीबाजारात राहिले. पुढे अमान अली खाँ. लता मंगेशकर काही काळ त्यांच्याकडे शिकल्या. आज आपल्याकडे हंसध्वनी राग जो सगळे गातात, त्यातही त्यांचा मोठा वाटा. ग्रँट रोडला उतरून तिकडे आधी जा, गिरगाव नंतर.

मुंबादेवी_लाईन
नावाचा अर्थ पण सांगा. साहेब लोक 'बिहाइंड द बझार' म्हणायचे, त्याचं भेंडीबाजार झालं.

बिजनौरी_सूर
काहीही. परसभेंडीची झाडं होती म्हणून भेंडीबाजार.

मुंबादेवी_लाईन
तुम्ही पाहिलीत का झाडं?

बिजनौरी_सूर
तुम्ही पाहिलात का साहेब?

आजोबा_ठाणे
अहो, गुडघ्याचा प्रश्न आहे तिथे झाडं कसली मोजताय. माझे दोन्ही गुडघे बदललेत, एकाला तीन लाख गेले. स्नेहलताई, चर्नी रोडचा पूल चढूच नका. भुयारी मेट्रोचं गिरगाव स्टेशन आता चालू आहे, ऑक्टोबर २०२५ पासून मार्ग थेट कफ परेडपर्यंत झाला. सीएसएमटीला लोकलमधून उतरून मेट्रो पकडा. लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत. आणि रविवारचा मेगाब्लॉक बघितल्याशिवाय घर सोडू नका.

तबकडी_वेडा
बाबांना चोरबाजारात न्या. मटन स्ट्रीटवर जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या मिळतात. मी नाट्यसंगीताच्या चार उचलल्या, २२०० ला. गाडीत एक काका दप्तरासकट त्यावर बसले, दोन फुटल्या. उरलेल्यांपैकी एक वाकडी आहे, सुई होडीसारखी वरखाली होते. पण आवाज! शुक्रवारी जाऊ नका, दुकानं बंद असतात. किंवा शुक्रवारीच जा, पहाटे रस्त्यावर बाजार भरतो.

कांदेपोहे
६०० बजेट लिहिलंय त्यांनी.

तबकडी_वेडा
घासाघीस करायची.

पेडणेकार_कुड
धोबी तलावापर्यंत जाणारच आहात तर तिथला गोंयकार भाग सोडू नका. जेर महालात आमच्या गावांचे कुड, म्हणजे गावकऱ्यांच्या राहायच्या खोल्या. नोकरीला, बोटीवर किंवा बँडमध्ये वाजवायला आलेला माणूस आधी तिथेच पथारी टाकायचा. माझे काका ट्रम्पेट वाजवायचे, ट्रंक कुडात आणि माणूस रेकॉर्डिंगला. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात नोटेशन वाचणारी माणसं बरीचशी आमचीच. पहिलं तियात्र, म्हणजे आमचं कोकणी नाटक, तेही मुंबईतच झालं, १७ एप्रिल १८९२ ला. खाली वाद्यांचं १८६५ पासूनचं फुर्तादोंचं दुकान. पेटीवाल्याला तिथला पियानो नुसता बघू दे. जवळच्या कयानी या इराणी हॉटेलात चहा आणि ब्रून मस्का, ६०० मध्ये आरामात बसतं.

कांदेपोहे
+१ कयानी. पण गिरगावात गेलात आणि पणशीकरांचं पियुष घेतलं नाही तर बाबा बोलणार नाहीत तुमच्याशी.

फणसवाडीवाला
विनय हेल्थ होमची मिसळ विसरलात.

आजोबा_ठाणे
७६ व्या वर्षी मिसळ नको.

फणसवाडीवाला
अहो, मेट्रोने मिसळीच्या दारात सोडायचं आणि खायची नाही?

काळी_एक
स्नेहलताई, वडील पेटीवाले म्हणून एक अवांतर. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी घातली होती. म्हणजे तुमचे बाबा ज्या वयात शिकत होते त्या वयात रेडिओवर पेटी ऐकूच येत नव्हती. कानावर पडायची ती वाडीतच. भजनी मंडळ, गणपतीतले मेळे, नाटकाची तालीम. मुंबईतल्या १८९३ च्या पहिल्या सार्वजनिक गणपतीची केशवजी नाईक चाळ तुमच्या वाटेवरच आहे, तिथे थांबा. आमच्या लहानपणी रस्त्यातच मांडव घालून रात्रभर बैठक चालायची. शेवटची भैरवी व्हायची तेव्हा दूधवाले येत असायचे. २००० चे ध्वनिनियम आले, दहाला माईक बंद, आणि रात्रीचे राग सकाळी गायची पाळी आली.

सायलेंट_झोन
बरं झालं बंद झालं. आमच्या खिडकीखाली कर्णा असायचा. दहावीचं वर्ष होतं माझं.

काळी_एक
किती टक्के पडले?

सायलेंट_झोन
तो मुद्दा नाही.

विष्णुदिगंबरी
गायक विष्णु दिगंबर पलुस्करांना कुणीच विचारेना. लाहोरला १९०१ मध्ये संगीत विद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईला आणलं. पुढे सँडहर्स्ट रोडला स्वतःची इमारत बांधली, ती कर्जापायी गेली. तो रस्ता म्हणजे आताचा सरदार पटेल रोड. आणि ज्या शंकरशेटांच्या नावाच्या रस्त्याने तुम्ही चालणार, त्यांच्याच पुढाकाराने झालेल्या ग्रँट रोडच्या नाट्यगृहात विष्णुदास भाव्यांनी १८५३ मध्ये मराठी नाटकांचे खेळ केले. हे सगळं तीन तासांत होत नाही. मी स्वतः चार रविवार घालवले, वहीभर टिपणं आहेत.

हातगाडीचा_मार
वही टाका की इथे.

विष्णुदिगंबरी
पुस्तक काढायचा विचार आहे.

स्नेहल_डोंबिवली
सर्वांचे खूप आभार! कागदावर मार्ग काढला, चर्नी रोड ते धोबी तलाव, बसायच्या पाच जागांसकट. बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "इमारती काय बघायच्या? त्या मीच बघून सोडल्यात." आता बघते काय ते.

नॉईज_कॅन्सल_नंद्या
हेडफोनचं काय ठरलं?

स्नेहल_डोंबिवली
जाऊन आलो. राग मानू नका, तुमच्यापैकी जवळजवळ कुणाचंच ऐकलं नाही. मेट्रोचं तेवढं ऐकलं, आजोबा, तुम्हाला दोन्ही गुडघ्यांकडून धन्यवाद.

रविवार बाबांनीच रद्द केला. "रविवारी लोक टीव्ही लावतात," म्हणाले. गुरुवारी दुपारी चारला गेलो. मुगभाटातल्या त्यांच्या वाडीच्या तोंडाशी टॉवर उभा आहे, पण आतली एक चाळ अजून शाबूत. तिथल्या ओट्यावर बसले ते सव्वा तास उठले नाहीत. मी तीनदा म्हटलं, ऑपेरा हाउस दहा मिनिटांवर आहे. "असू दे."

पाचच्या सुमाराला दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी कीबोर्ड लावला. शाळकरी मुलगा असावा. सिनेमातलं गाणं, एकच ओळ पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी एकाच जागी अडकायचा. बाबांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर चालायला लागली, डावा हात भाता मारल्यासारखा मागेपुढे. सहाव्या-सातव्यांदा तो अडकला तेव्हा बाबा खालून ओरडले, "अरे, कोमल निषाद आहे तिथे! काळी दाब, काळी!"

कीबोर्ड बंद. गॅलरीत एक बाई आल्या. मला वाटलं आता भांडण. त्यांनी वाकून बघितलं आणि विचारलं, "शिकवता का?" बाबा म्हणाले, "नाही हो, डोंबिवलीला राहतो." आत मुलाने पुन्हा सुरू केलं आणि काळी दाबली.

पियुष घेतलं. खर्च सगळा मिळून २८० रुपये. कागदावरचा मार्ग पर्समध्ये तसाच आहे.

फणसवाडीवाला
म्हणजे देवधरांच्या शाळेपर्यंत गेलाच नाहीत?

बिजनौरी_सूर
भेंडीबाजार तर दूरच.

आजोबा_ठाणे
सव्वा तास दगडी ओट्यावर बसले? उशी न्यायची होती.

काळी_एक
कोमल निषाद खालून ऐकून सांगितला. कान शाबूत आहेत हो बाबांचे.

नॉईज_कॅन्सल_नंद्या
छान लिहिलंय. पण हेडफोन कुठला घेतलात ते सांगितलंच नाही.

स्नेहल_डोंबिवली
घेतलाच नाही. ३२० उरलेत आणि आता दुसरंच काम निघालंय. बाबांनी आल्या आल्या माळ्यावरची पेटी खाली काढायला लावली. भात्यातून हवा जाते, मध्य सप्तकातले दोन सूर बोलतच नाहीत, एक पट्टी उंदराने कुरतडलीय. डोंबिवली-ठाण्याकडे पेटी नीट करून देणारं कुणी माहीत आहे का? बजेट तेच.

पेठकर
पुण्याला आणा.