मदत हवी आहे: पावसात, त्यात उतारावर, पुढच्या गाडीपासून नक्की किती अंतर ठेवायचं?

मंडळी, सात वर्षं गाडी चालवतोय पण या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही.

गेल्या मिरगातली गोष्ट. पहिला पाऊस पडून अर्धा तास झाला असेल, बाबांना घेऊन पालीहून रत्नागिरीला निघालेलो आणि पुढे चिऱ्याचा ट्रक. हातखंब्याच्या उताराला म्हैस आडवी आली, ट्रकवाल्याने ब्रेक मारला, मीही मारला, पायाखाली एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) धडधडतंय आणि गाडी आपली सरकतेच आहे. थांबली तेव्हा फाळका हातभर लांब होता. चिऱ्यांवरून गळणारं लाल पाणी बॉनेटवर उडत होतं. बाबा काही बोलले नाहीत, पण डॅशबोर्डला टेकवलेला हात त्यांनी रत्नागिरी येईपर्यंत काढला नाही.

स्पीड होता 60. मला तो हळूच वाटायचा. नंतर कागदावर मांडलं, 60 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. दिसलं, कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरला तरी 25 मीटर ब्रेक न लागताच गेले. पुढे कोरड्या डांबरावर साधारण 20 मीटर, ओल्यावर 35. म्हणजे ओल्या रस्त्यावर एकूण 60, एसटीच्या पाच-सहा गाड्या एकामागे एक लावल्या तर होईल एवढं. आणि पहिल्या पावसात धूळ आणि सांडलेलं ऑइल मिसळून रस्ता जास्तच निसरडा होतो ते वेगळंच.

दोन सेकंदांचा नियम माहितीय, पुढची गाडी किलोमीटरच्या दगडापाशी गेली की मोजायला लागायचं, आपण त्या दगडापाशी पोचेपर्यंत दोन सेकंद तरी झाले पाहिजेत. त्या दिवशी मी फार तर एक सेकंद मागे असेन. पण दोन तरी पुरले असते का? आणि जागा सोडली की कोणीतरी मध्ये घुसतोच, त्याचं काय करायचं? धाकट्या भावाला नुकतं लायसन मिळालंय, आता रोज याच रस्त्याने जाणार, त्याला नीट सांगायचंय म्हणून विचारतोय.

प्रतिसाद:
दादा, पुढची गाडीसुद्धा सरकत सरकतच थांबते म्हणून कोरड्यात दोन सेकंद चालतात. पण ती कशावर तरी आदळून जागच्या जागी थांबली तर तुला पूर्ण अंतर लागणार. पावसात चार सेकंद धर. 60 ला ते 67 मीटर होतात. शंभर मीटरला सहा मीटर उतरणारा रस्ता असेल तर तुझे 35 चे 42 होतील, अधिक ते 25, म्हणजे 67 च. जेमतेम बसतं. 80 ला मात्र नाही बसत, कारण वेग दुप्पट केला की ब्रेकचं अंतर चौपट होतं, सेकंदांतली जागा फक्त दुप्पट. म्हणून उताराला आधी स्पीड कमी, मग मोजणी. घाट ज्या गिअरवर चढतोस त्याच गिअरवर उतर, सारखा ब्रेक दाबून ठेवलास तर तो तापतो आणि ऐन वेळी धरत नाही. एबीएसमुळे चाक लॉक होत नाही, स्टिअरिंग हातात राहतं, पण ओल्यात अंतर फारसं घटेल या भरवशावर राहू नको. कोणी घुसला तर ॲक्सिलरेटर सोड आणि त्याच्या मागे परत चार मोज. टायरची नक्षी पण बघून घे.

धागाकर्ता:
मनापासून आभार. आज सकाळी भावाला शेजारी बसवून मोठ्याने मोजायला लावलं. पालीपासून हातखंब्यापर्यंत तिघे घुसले, तिन्ही वेळा परत एकपासून सुरुवात केली, आणि पोचायला रोजच्यापेक्षा दोनच मिनिटं जास्त लागली. अजून एक विचारतो, भाऊ बाइकवरून जाईल तेव्हाही हेच चार सेकंद, की जास्त?