मदत हवी आहे: अथेन्सहून एका दिवसात मायसीनी, एपिडॉरस आणि नाफ्प्लिओ?

मे अखेरीस आई-बाबांना घेऊन अथेन्सला जातोय. एक दिवस खासगी गाडी करून मायसीनीचे प्राचीन अवशेष, एपिडॉरसचं प्राचीन नाट्यगृह आणि संध्याकाळी नाफ्प्लिओच्या बंदरावर निवांत बसायचं, असा बेत आहे. एवढं एका दिवसात झेपेल का? वाटेतला कॉरिंथचा कालवा पुलावरून डोकावून बघितला की झालं, पण एपिडॉरसच्या नाट्यगृहात घाई नकोय. खाली मधोमध नुसतं कुजबुजलं तरी वरच्या रांगेत ऐकू येतं म्हणे, आणि बाबांना तिथे नांदी म्हणायची आहे! गायला लागलं की रखवालदार हटकतात का?

आईचे गुडघे दुखतात. नाफ्प्लिओच्या पालामिदी किल्ल्याच्या त्या ९९९ म्हणवल्या जाणाऱ्या पायऱ्या टाळून गाडी वरपर्यंत जाते, तो प्रश्न मिटला. मायसीनीचं काय? तिथल्या मुख्य दरवाजापर्यंतचा, म्हणजे सिंहद्वारापर्यंतचा चढ काठी घेऊन जमण्यासारखा आहे का? सावली तर तिथे नावालाच दिसते.

अवशेषांच्या आत माहिती परवानाधारक गाइडच देऊ शकतो, ड्रायव्हर नाही. मग गाइड वेगळा ठरवावा की वाचून जाणं पुरे? आणि नाफ्प्लिओला शाकाहारी जेवण कुठे बरं मिळेल? आई अंडंही खात नाही.