सिस्टमडी काढून रनिट बसवणे खरेच एका संध्याकाळचे काम आहे का?

धागाकर्ता

'सिस्टमडी काढा, रनिट बसवा, एका संध्याकाळचे काम आहे' हा सल्ला काल पुन्हा वाचला आणि राहवले नाही. दोन्ही लिनक्सवर सेवा सुरू करणारे आणि सांभाळणारे प्रोग्राम आहेत. बसवायला संध्याकाळ पुरते, हे मान्य. पण सिस्टमडी आपल्या नकळत जी कामे करत असतो, ती नंतर एकेक करून आपल्याच अंगावर येतात. मी एका सर्व्हरवर हा बदल केला, तेव्हा एक जुनी सेवा सुरू होताच फोर्क करून, म्हणजे स्वतःची प्रत काढून, पार्श्वभूमीला जात होती. रनिटमध्ये सेवेवर नजर ठेवणाऱ्या रनएसव्हीच्या लेखी तिला सुरू करणारी रन स्क्रिप्ट संपलेली होती, म्हणून तो दर सेकंदाला नवी प्रत उठवत राहिला आणि प्रत्येक प्रत पोर्ट अडलेला पाहून मरत राहिली. सेवा थांबवण्याची आज्ञा दिली, तरी मूळ प्रक्रिया चालूच होती. सिस्टमडी सीग्रुपमुळे (सेवेच्या सगळ्या प्रक्रिया एका गटात धरण्याची कर्नलची सोय) अशी निसटलेली प्रक्रियाही ओळखतो, आणि पुन्हा उठवण्याचे प्रयत्न १० सेकंदांत ५ वेळा फसले तर तो नाद सोडतो.

प्रतिसाद १

हा दोष रनिटचा नसून आपल्या स्क्रिप्टचा आहे. सेवा अग्रभागी ठेवायची आणि शेवटी एक्झेक करायचे, म्हणजे स्क्रिप्टची जागा सेवेनेच घ्यायची, हे पथ्य रनिटच्या आधीच्या डेमनटूल्सपासून चालत आले आहे. माझा खरा राग सिस्टमडीचे लॉग बायनरी स्वरूपात साठवणाऱ्या जर्नलडीवर आहे. एकदा सर्व्हर उठेना, म्हणून त्याची डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली. त्या यंत्रावर ते लॉग वाचण्याचे साधन, जर्नलसीटीएल, नव्हते, आणि लॉग डोळ्यांसमोर असूनही मला एक ओळ वाचता आली नाही. रनिटच्या एसव्हीलॉगडीची साध्या मजकुराची 'करंट' फाइल कोठेही उघडता आली असती.

प्रतिसाद २

कोणत्याही लाइव्ह प्रतिमेवरून (पेनड्राइव्हवरून थेट चालणारे लिनक्स) जर्नलसीटीएलला ती डिरेक्टरी दाखवली असती, तर सगळे वाचता आले असते. साध्या फाइलींचे कौतुक मीही केले होते. एसव्हीलॉगडी डिफॉल्टने सुमारे १० लाख बाइटांची फाइल भरली की ती बाजूला ठेवतो आणि अशा १० जुन्या फाइलीच जपतो. आमची एक बडबडी सेवा रात्रभर लिहीत राहिली आणि ज्या मिनिटाला घोटाळा झाला, नेमक्या त्याच ओळी सकाळपर्यंत पुसल्या गेल्या. शिवाय वेळेचा शिक्का मागून घ्यावा लागतो. तो मी मागितला नव्हता, त्यामुळे चार सेवांचे लॉग एकमेकांशी जुळवण्याचा मार्गच उरला नाही.

प्रतिसाद १

सर्व्हर बंद पडलेला असताना मला लाइव्ह प्रतिमेचे धडे नकोत. बिघाडाच्या वेळी लॉग वाचण्यासाठी खास साधन शोधावे लागणे हाच माझा आक्षेप आहे आणि त्याला आपण उत्तर दिलेले नाही. फाइलींची संख्या आणि आकार आपण स्वतः ठरवायचा होता; ते केले नाही, याचा दोष एसव्हीलॉगडीला का?

प्रतिसाद ३

लॉगच्या भांडणात मुख्य मुद्दा हरवत आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या ग्रंथालयातील चोरवाट उघड झाली. तिचा नेम दूरच्या सर्व्हरमध्ये शिरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएचवर होता. ओपनएसएसएच स्वतः ते ग्रंथालय वापरत नाही; डेबियन आणि फेडोरा या लिनक्स वितरणांनी सिस्टमडीला 'सेवा तयार आहे' एवढा निरोप देण्यासाठी त्याला सिस्टमडीचे लिबसिस्टमडी हे ग्रंथालय जोडले होते आणि त्यामागून एक्सझेड आत आले. जो निरोप एका सॉकेटवर एक ओळ लिहून देता येतो, त्यासाठी एवढे ओझे वाहिले गेले. रनिटसारख्याच एस-सिक्स या प्रोग्राममध्ये हेच काम ठरलेल्या फाइल डिस्क्रिप्टरवर (उघड्या फाइलीचा क्रमांक) नव्या ओळीचे एक चिन्ह लिहून होते.

धागाकर्ता

एक्सझेडचा मुद्दा मला मान्य करावा लागतो, जरी ओपनएसएसएचने त्याच वर्षी ९.८ या आवृत्तीत तो निरोप स्वतःच्या कोडमधून देण्याची सोय केली. मात्र आपण एस-सिक्सचे गुण सांगितले, रनिटचे नव्हे. सल्ला रनिटचा होता, आणि त्यात ना तयारीचा निरोप आहे, ना अवलंबित्वाचा क्रम. डेटाबेस उठला का, हे प्रत्येक रन स्क्रिप्टमध्ये आपणच तपासायचे. माझ्याकडे अशा २३ सेवा होत्या. रनिट मी आजही एका सर्व्हरवर ठेवला आहे, कारण तेथे तीनच सेवा आहेत आणि त्या तिन्ही अग्रभागी चालतात.