ज्वारी ग्लुटेनमुक्त, पण पिठाचे काय?

ज्वारी-बाजरीत ग्लुटेन हे गव्हातले प्रथिन मुळातच नसल्याने त्यांच्या पिठाच्या पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापणे ही केवळ भाव वाढवण्याची युक्ती आहे, हे मत मला पटत नाही. दाण्यापुरते ते खरे आहे, पिठापुरते नाही. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही, आणि ही मर्यादा विक्रीस आलेल्या पदार्थाला लागू असल्याने दळताना किंवा भरताना मिसळलेला गहूही तीत धरला जातो.

माझ्या भाचीला सीलिअ‍ॅक हा ग्लुटेनमुळे आतड्याला इजा करणारा आजार असल्याचे निदान झाल्यावर घरातून गहू हद्दपार केला, तरी तिचा त्रास थांबेना. आमची ज्वारी गिरणीत गव्हाच्या दळणावरच दळली जात होती, हे लवकर लक्षात आले. दुसरे कारण सापडायला मात्र दोन महिने गेले. फोडणीच्या हिंगाच्या डबीवर, भिंग घेऊनच वाचावे अशा अक्षरांत, डिंकाशेजारी गव्हाचे पीठ नोंदवलेले होते. (डिंक आणि पीठ मिसळून केलेल्या बांधानी हिंगात ते सर्रास असते.) घटक छापण्याची सक्ती आहे म्हणून ते निदान डबीवर तरी सापडले; वाण्याकडच्या सुट्या हिंगाच्या पुडीवर ते कुठे शोधणार होतो?