मोडी शिकायचीय, पण सगळा वेळ पीडीएफ गोळा करण्यातच जातोय

भटकभवानी:
मंडळी, हसू नका. माहेरी पणजोबांच्या वेळच्या, मोडी लिपीतल्या कागदांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा आहे. आईनं तो माझ्या हवाली केला, म्हणून मोडी शिकायला घेतली. यूट्यूबवर पहिलाच धडा लावला, तर खाली भांडण: एक म्हणतो शिवकालीन वळण आधी शिका, दुसरा म्हणतो पेशवेकालीन. दोन्हींचे तक्ते उतरवून घेतले. मग टेलिग्रामचे ग्रुप. इतिहासकार सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या निवडक कागदांचे ४५ खंडही मिळतील तेवढे साठवले. ते छापलेत देवनागरीत, पण हाताशी असावेत! पत्रातला 'छ' म्हणजे हिजरी महिन्याची चंद्रतारीख हे वाचलं, तिथून शुहूर सन (जुन्या कागदांतली कालगणना), तिथून पंचांग, पंचांगातून आकाशदर्शन. आता दुर्बिणींच्या किमती बघतेय. पहाटे पक्षी बघायला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्येही आहे, तो तर आधीपासूनचा.

रात्री ओटा आवरला की मोबाइल हातात. झोपेपर्यंत बरंच काही 'नंतर वाचू' म्हणून साठतं, आणि वहीत एक अक्षर गिरवलेलं नसतं. रुमाल अजून तसाच, गाठ मारलेला. नवरा म्हणतो, एक काहीतरी धर. धरायचं कसं? बाकीचं सोडायचं म्हटलं की जीव खालीवर होतो.

बोरूबहाद्दर:
भवानीताई, आधी रुमाल सोडा. मोबाइल राहू दे.

पणजोबांच्या वेळचे कागद म्हणजे इंग्रजी अमदानीतले असणार. म्हणजे शिवकालीन की पेशवेकालीन हा वाद तुमच्यापुरता मिटला. टाकानं लिहिलेलं बारीक, तिरकं अक्षर असेल. घरच्या गठ्ठ्यात सहसा खरेदीखतं, कर्जरोखे, पावत्या निघतात. त्यातलं एकच खरेदीखत घ्या, झेरॉक्स काढा. मूळ कागद पुन्हा पुन्हा हाताळू नका, घडीवर तुटतो.

मोडीत शब्द सुटे नसतात. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत न्यायची, त्यामुळे नवख्याला सगळी ओळ एकच शब्द वाटते. पण खरेदीखताचा साचा ठरलेला असतो. सुरुवातीला 'लिहून घेणार', 'लिहून देणार', आणि जमिनीची चतुःसीमा: पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, मग दक्षिणेस, उत्तरेस. हे चार शब्द आधी हुडका. चारींच्या शेवटी तेच 'स', ते सापडलं की पाय टेकायला जागा झाली. झेरॉक्सवर बटर पेपर ठेवून तेवढीच ओळ गिरवा. ऱ्हस्व-दीर्घाची काळजी सोडा, मोडीत त्याचा फारसा भेद नाही. छळेल तो 'र'. तो आधीच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो, आणि ते तक्त्यात बघून समजत नाही, कागदातच भेटावं लागतं.

अडलात की मग तक्ता उघडा. अडायच्या आधी उघडू नका.

गणिती_घुबड:
'एक काहीतरी धर' हे मला पटत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी बघा. मूळचे गोव्याचे, जन्म १९०७, पेशानं गणिती. संख्याशास्त्र नीट शिकायला हाताशी खरा प्रश्न हवा, म्हणून त्यांनी जुनी आहत, म्हणजे ठसे मारलेली नाणी तोलायला घेतली: वापरानं नाणं किती झिजतं? मग ती पाडली कुणी हे हवं, म्हणून जुनी साधनं, त्यासाठी संस्कृत. पुढे संस्कृत कवी भर्तृहरीच्या शतकांची, म्हणजे शंभर-शंभर श्लोकांच्या संग्रहांची, चिकित्सक आवृत्तीही काढली. विषय तुमच्याइतकेच, ताई! फरक एवढाच की पुढचा विषय त्यांना हातातल्या कामानं आणून दिला, तुम्हाला मोबाइल आणून देतो.

त्यामुळे शुहूर सन वाईट नाही. पण तुमच्या कागदावर तो असेल तरच.

सह्याद्री_सडाफटिंग:
दुर्बिणीऐवजी ८×४२ बायनॉक्युलर घ्या. सकाळी पक्षी, रात्री हात स्थिर ठेवलात तर गुरूचे चंद्रही दिसतात. एका खर्चात दोन छंद.

बोरूबहाद्दर:
अहो, त्या आग विझवायला आल्यात आणि तुम्ही तेल ओतताय!

भटकभवानी:
सडाफटिंग, लिंक नको. प्लीज.

रविवारी रुमाल सोडला. वर पावत्या, खाली खरंच एक खरेदीखत. 'पूर्वेस' सापडलं. त्यापुढचं 'ओढा' तर आपोआप वाचलं गेलं, कारण तो ओढा मला माहीत आहे, आम्ही त्यात खेकडे पकडायचो. 'पश्चिमेस'नंतर कुणाचं तरी नाव आहे, तिथं दोन दिवस अडले. तो तुमचा 'र' असावा, बोरूकाका. टेलिग्राम काढून टाकलं नाही, तेवढा धीर नाही, पण ग्रुप म्यूट केलेत. पक्ष्यांचा ग्रुप मात्र सोडणार नाही. ती माणसं आवडतात मला, पक्षी दिसोत न दिसोत.

एक विचारायचं होतं. रकमेच्या जागी १२ वाचता येतंय, पुढे दोन उभ्या रेघा आहेत. वाक्य संपल्याचा दंड समजू का?

बोरूबहाद्दर:
नाही, तो अर्धा. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १२॥ म्हणजे साडेबारा रुपये, बारा रुपये आठ आणे. तिसरी रेघ घडीत गेली नाही ना, तेवढं भिंगातून बघा, नाहीतर पावणेतेरा होतील. आणि खाली रक्कम अक्षरीही लिहिलेली असेल, तिच्याशी ताडून घ्या.