मुंबई ते तोक्यो: जाताना साडेअकरा तास आणि येताना साडेसहाच?

नीलिमा:
आम्ही पुण्यात पौड रोडला राहतो, भाऊ तोक्योत असतो. मार्चअखेरीस आईला (वय ७४) साकुरा (चेरीचा बहर) दाखवायला घेऊन जातेय. तिकिटावर मुंबईहून रात्री ८ ला सुटून सकाळी ७:३० ला नारिता (तोक्योचा विमानतळ), आणि येताना सकाळी ११ ला सुटून संध्याकाळी ५:३० ला मुंबई असं आहे. अंतर तेच, मग एवढा फरक कसा? फार वेळ बसलं की आईचे पाय सुजतात. म्हणून जाताना जास्त पैसे भरून पाय पसरता येतील अशी सीट घ्यायची आणि येताना साधी, असं ठरवतेय.

दुभाषा:
नीलिमाताई, नेमकं उलट करा. तिकिटावर त्या त्या गावची वेळ असते आणि जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. ते जाताना वजा करा, येताना मिळवा: जायला आठ तास, यायला दहा. आईंना त्रास परतीचा.

हे दोन तास वाऱ्याचे. चाकणच्या कंपनीसाठी मी जपानला जायचो, तेव्हा समोरच्या पडद्यावर वेग बघत बसायचो. जाताना ताशी हजार किलोमीटरच्या पुढे, येताना आठशेच्या आत. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे हा वारा वाहतो, हिवाळ्यात जपानवर कधी कधी ताशी ३०० च्याही पुढे. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञांनी फुगे सोडून तो मोजला आणि १९२६ मध्ये एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत अहवाल लिहिला. जगाने तेव्हा फारशी दखल घेतली नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

अंतराचं म्हणाल तर सरळ रेषेत साधारण ६,७५० किलोमीटर, पण ती रेषा भूतान आणि पूर्व तिबेटवरून जाते. विमानातला हवेचा दाब गेला तर झटकन तीनेक किलोमीटर उंचीवर उतरावं लागतं, आणि तिबेटचं पठारच साडेचार किलोमीटर उंच! म्हणून बांगलादेश, म्यानमार, चीनचा युन्नान प्रांत असा दक्षिणेकडून वळसा.

आपत्कालीन दाराजवळची सीट पाय दुखणाऱ्या ज्येष्ठांना देत नाहीत. भिंतीसमोरची, कडेची मागा, म्हणजे आईंना उठून फेरी मारता येईल. व्हीलचेअर आत्ताच नोंदवा, नारिताला चालणं बरंच आहे.

कोथरूडकर:
पौड रोडवरून मुंबई विमानतळ दीडशे किलोमीटरच्या आसपास. शुक्रवार-शनिवार असेल तर सकाळी ११ लाच निघा, खंडाळ्याच्या घाटात अडकलात तर हातात काही राहत नाही. पुण्याच्याच लोहगाव विमानतळावरून दिल्लीमार्गे गेलात तर घाट टळतो, पण दिल्लीला उतरून परत चढायचं आलं.

नीलिमा:
परतीची सीट आत्ताच बदलली. दुभाषाकाका, मनापासून आभार. ५:३० ला उतरून लगेच टॅक्सीने पुण्याला यावं का?

दुभाषा:
नको. आईंच्या शरीराला तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतील, वर चार तास पाय लोंबकळत. मुंबईत कुणा नातेवाइकांकडे मुक्काम करा आणि सकाळी निघा.